कुठलं मुरुड? चॅनलला नाव देण्यामागचं गणित

व्हॉट्सॲपवर चॅनलची सोय भारतात सप्टेंबर 2023 मध्ये आली. टेलिग्रामवर ती 2015 पासूनच होती, पण तिथे वावर जास्त करून स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा आणि शेअर बाजारवाल्यांचा. व्हॉट्सॲपने ती घराघरातल्या फोनवर आणून ठेवली आणि कोकणात डहाणूपासून बांद्यापर्यंत जो तो चॅनल काढू लागला. आंबा बागायतदार, होमस्टेवाले, दशावताराच्या तारखा सांगणारे, तालुक्याच्या बातम्या देणारे, एसटीच्या वेळा टाकणारे, बंदरावरचा मासळीचा भाव कळवणारे. चॅनल उघडायला पाच मिनिटं पुरतात. त्यातली चार गोल चौकटीत बसणारा फोटो निवडण्यात जातात. नाव उरलेल्या एका मिनिटात ठरतं, तेही बहुधा शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या सल्ल्याने.

मग काही महिन्यांनी तक्रार सुरू होते. माहिती रोज टाकतो, खरी टाकतो, फोटोही चांगले असतात, पण ओळखीपाळखीच्या माणसांपलीकडे कोणी फॉलो करत नाही. अशा चॅनलचं नाव बघितलं की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. ‘आपलं कोकण’, ‘माझं कोकण’, ‘स्वर्ग कोकण’, ‘येवा कोकण आपलोच आसा’ यांच्यापैकी काहीतरी, नाहीतर याच शब्दांची अदलाबदल. नावं वाईट नाहीत. पण त्यावरून चॅनल आंब्याचं आहे, रेल्वेचं आहे की भजनांचं, हे कळत नाही. आणि सुमारे 720 किलोमीटरच्या किनाऱ्यातला कुठला तुकडा, तेही कळत नाही.

## ग्रुपचं नाव आतल्यांसाठी, चॅनलचं बाहेरच्यांसाठी

चॅनल म्हणजे एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी सोय. ग्रुपमध्ये सगळे बोलतात, एकमेकांचे नंबर दिसतात आणि कोणीतरी आत घेतल्याशिवाय जाता येत नाही. चॅनल उघडा असेल तर कोणीही फॉलो करू शकतो. व्हॉट्सॲप चॅनलमध्ये फॉलो करणाऱ्याचा नंबर इतर फॉलोअरना दिसत नाही आणि चॅनल चालवणाऱ्याचा नंबर फॉलोअरना दिसत नाही. ग्रुपला 1024 माणसांची मर्यादा आहे, चॅनलला तशी नाही.

या फरकातून नावाचा प्रश्न निघतो. ग्रुपचं नाव ‘वरची वाडी बॉईज’ असलं तरी काही बिघडत नाही, कारण आत आलेल्या प्रत्येकाला वरची वाडी कुठली आणि बॉईज कोण हे माहीत असतं. चॅनलवर येणारा माणूस अनोळखी असतो. त्याला तुम्ही कोण हे माहीत नाही, तुमचा नंबर दिसत नाही, आणि व्हॉट्सॲप चॅनलवर ग्रुपमध्ये विचारतो तसा ‘भाऊ, हे कुठलं?’ असा प्रश्न टाकण्याची सवयीची जागाही नाही. त्याच्या हातात सुरुवातीला असतं ते फक्त नाव आणि फोटो. आपण मात्र ग्रुपला नाव देण्याची सवय उचलून तशीच चॅनलला लावली, आणि माझ्या मते निम्म्या चॅनलांचं दुखणं एवढंच आहे.

त्यात आणखी एक भर. व्हॉट्सॲप चॅनलवरचा मजकूर कोणी फॉरवर्ड केला की चॅनलचं नाव त्याच्यासोबत जातं आणि त्यावर टिचकी मारून चॅनलपर्यंत पोहोचता येतं. तुम्ही हर्णैचा आजचा पापलेटचा भाव टाकलात, तो दापोलीच्या हॉटेलवाल्याने पुण्याच्या मित्राला पाठवला, मित्राने आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर तिसऱ्या ठिकाणी तुमची जाहिरात करणारं तुमचं नाव तेवढंच आहे.

## दिसायचं नाव आणि पोहोचायचा पत्ता

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो, म्हणून जरा थांबून सांगतो. कुठल्याही बंदरात नांगरलेल्या होड्या बघा. ‘जय भवानी’ नावाच्या पाच होड्या एकाच बंदरात असू शकतात, त्याला कोणाची हरकत नसते. पण प्रत्येक होडीवर मत्स्यव्यवसाय खात्याचा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो आणि तो मात्र एकाच होडीचा. खलाशी होडीला नावाने ओळखतो, गस्तीची बोट क्रमांकाने.

टेलिग्रामवर हे दोन्ही वेगळे मिळतात. वर मोठ्या अक्षरात दिसतं ते शीर्षक. ते देवनागरीत ठेवता येतं, 128 अक्षरांपर्यंत लांबवता येतं, आणि तेच शीर्षक दुसऱ्याचंही असू शकतं. त्याखाली असतं युजरनेम, म्हणजे लिंकच्या शेवटी येणारा पत्ता. तो 5 ते 32 अक्षरांचा, फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेखा (अंडरस्कोर) चालणारा, आणि जगात एकच. एकाने घेतला की दुसऱ्याला मिळत नाही. मात्र हा पत्ता सार्वजनिक चॅनललाच असतो. खासगी चॅनलला नुसती आमंत्रणाची लिंक मिळते आणि ते शोधात येत नाही.

व्हॉट्सॲप चॅनलची लिंक वेगळी बनते. तिच्या शेवटी अक्षर-आकड्यांची एक माळ असते, ती ॲप स्वतः ठरवतं. ती लक्षात ठेवणं कोणाच्याच आवाक्यातलं नाही. म्हणून तिथे सगळी मदार दिसणाऱ्या नावावर, आणि तुमच्यासारखं नाव दुसऱ्या कोणी ठेवू नये अशी काही सोय नाही. टेलिग्रामवर नाव ढोबळ ठेवलंत तरी पत्ता सावरून घेतो. व्हॉट्सॲपवर तो आधार नाही.

## शोधणारा कुठे बसलाय?

नाव सुचण्याआधी हा प्रश्न सुटला पाहिजे. कोकणातल्या चॅनलचे वाचक साधारण तीन ठिकाणी असतात. गावात असलेले, ज्यांना लाइट कधी येणार आणि पाणी कधी सुटणार हे हवं असतं. मुंबई, ठाणे, विरार, डोंबिवलीत असलेले चाकरमानी, ज्यांना गणपतीच्या गाड्या, घाटाची अवस्था, गावच्या जत्रेची तारीख हवी असते. आणि कोकणाशी काही संबंध नसलेला पर्यटक किंवा आंब्याचं गिऱ्हाईक.

गावातला माणूस ‘बाजारपेठ’ म्हटलं की समजतो. चाकरमानी तालुक्याचं नाव टाइप करतो. पर्यटकाला तालुकाही माहीत नसतो, त्याला तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगर एवढी नावं माहीत असतात. तारकर्ली मालवण तालुक्यात आहे हे त्याला तिथे पोहोचल्यावर कळतं. एकच चॅनल तिघांसाठी चालवणार असाल तर नाव सगळ्यात कमी माहिती असलेल्या माणसाला धरून ठेवा. ज्याला जास्त माहिती आहे तो कसाही शोधून काढतो.

## आधी गाव, मग काम

फोनवर चॅनलांची यादी उघडली की नाव एका ओळीत जेवढं मावेल तेवढंच दिसतं, पुढे तीन टिंबं. व्यवहारात पहिले दोन-तीन शब्द. म्हणून वेगळेपण सांगणारा शब्द पुढे यायला हवा. ‘आपल्या सर्वांच्या हक्काचं व्यासपीठ – गुहागर’ या नावात कामाचा एकच शब्द आहे आणि तो टिंबांच्या पलीकडे गेला. ‘गुहागर एसटी वेळा’ हे नाव रुक्ष आहे, मान्य, पण ते सकाळी साडेपाचला थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला उपयोगी पडतं.

गावाचं नाव टाकताना मात्र कोकणात एक खास अडचण आहे. मुरुड म्हटलं की अलिबागकडच्या माणसाला जंजिऱ्याचं मुरुड आठवतं, दापोलीकराला हर्णैजवळचं, महर्षी कर्व्यांचं मुरुड. आणि तिसरं मुरुड लातूर जिल्ह्यात आहे, तिथे समुद्राचा वासही येत नाही. ‘मुरुड पर्यटन’ नावाचं चॅनल बघून कोणी दापोलीच्या मुरुडला खोली ठरवली आणि जंजिऱ्याची बोट विचारत फिरला, तर दोष त्याचा नाही. खेडचं तसंच. एक रत्नागिरी जिल्ह्यातलं, जगबुडीच्या काठचं. दुसरं पुणे जिल्ह्यातलं, ज्याला राजगुरुनगर म्हणतात, पण तालुका अजून खेडच. ‘खेड पूरस्थिती’ असं चॅनल जुलैत दोघांनाही सापडेल आणि एकाला फुकट घाबरवेल. कुडाळ सिंधुदुर्गात आहे आणि साताऱ्याच्या जावळीतही आहे. वाडा पालघरचा तालुका आहे आणि देवगड तालुक्यातलं गावही.

जिल्ह्यांची नावंही निर्धोक नाहीत. रायगड हा किल्ला आणि रायगड हा जिल्हा. 1981 पर्यंत या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. सिंधुदुर्ग हा मालवणसमोरचा जलदुर्ग आणि त्याच्या नावाचा जिल्हा, तोही 1981 सालचा. ‘सिंधुदुर्ग बोट’ म्हणजे किल्ल्यावर नेणारी होडी की जिल्ह्यातली कुठलीही बोट? अशा ठिकाणी एक शब्द वाढवायला कंजुषी करू नका. ‘मुरुड-जंजिरा होमस्टे’, ‘मुरुड-हर्णै होमस्टे’, ‘खेड रत्नागिरी पाणीपातळी’, ‘सिंधुदुर्ग किल्ला बोटवेळा’. ज्या गावाचं नाव महाराष्ट्रात एकटंच आहे त्यांना ही कटकट नाही. वेंगुर्लेकर आणि गुहागरकर सुखी. वेंगुर्लेकर पूर्ण सुखी नाहीत, ते पुढे येतं.

कामाचा शब्द निवडताना लोक काय म्हणतात ते बघा, फाइलवर काय लिहितात ते नाही. ‘मत्स्य विपणन माहिती केंद्र’ असं टाइप करून कोणी शोधत नाही. ‘मासळी भाव’ असं शोधतात. ‘न्याहरी-निवास’ हा शब्द पाटीवर चांगला दिसतो, पण मुंबईचा माणूस ‘होमस्टे’ टाइप करतो. रायगडकडे मासळीला ‘म्हावरं’ म्हणतात आणि ते कानाला छान लागतं. चॅनल रेवस ते मुरुड एवढ्यापुरतं असेल तर बिनधास्त ठेवा.

## देवनागरी की रोमन?

दोन्ही. पण का, ते समजून घ्यायला हवं, कारण इथे डोळ्यांना दिसतं एक आणि फोनला दिसतं दुसरं.

बरेचजण मराठी बोलतात, मराठी वाचतात आणि शोधताना मात्र रोमन कळफलक वापरतात, कारण तोच समोर असतो. त्यामुळे टेलिग्रामवर शीर्षक देवनागरीत आणि युजरनेम रोमनमध्ये ही वाटणी आपोआप होते. व्हॉट्सॲपवर दोन्ही एकाच नावात बसवावं लागतं: आधी देवनागरी, मग एक आडवी रेघ, मग रोमनमध्ये फक्त गावाचं नाव. पूर्ण नाव दोनदा लिहू नका.

रोमनमध्ये गावाचं नाव कसं लिहायचं याचा वाद मिटवायचा सोपा मार्ग म्हणजे रेल्वे स्टेशनची पाटी आणि नकाशा. ‘कोकण’ हा शब्द आपण उच्चारतो तसा रोमनमध्ये लिहिला तर मधे ‘एन’ येत नाही. पण कोकण रेल्वेपासून पर्यटनाच्या पाट्यांपर्यंत सगळीकडे मधे ‘एन’ असलेलंच रूप आहे, त्यामुळे लोक तेच टाइप करतात. हर्णै तर कोणी ‘ए-आय’ने संपवतं, कोणी ‘ई’ने, कोणी ‘ई-वाय’ने. चिपळूणच्या शेवटी कोणी एक ‘यू’ लावतं, कोणी दोन ‘ओ’. नकाशावर जे आहे ते घ्या आणि आपलं शुद्धलेखनाचं मत बाजूला ठेवा. देवनागरीतही वेंगुर्ला आणि वेंगुर्ले ही दोन्ही रूपं छापली जातात. नावात एक घ्या आणि चॅनलच्या वर्णनात दुसरं येऊ द्या.

आता फोनच्या बाजूने. संगणक आणि फोन अक्षरं साठवतात ती युनिकोड नावाच्या जागतिक यादीतल्या क्रमांकांनी. या यादीत देवनागरीच्या मुख्य गटाला 128 घरं आहेत. पण आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते फोनला अनेकदा तीन-चार क्रमांकांचं असतं, कारण काना, वेलांटी, हलन्ताची खूण सगळी वेगळी मोजली जाते. ‘रत्नागिरी’ आपल्याला चार अक्षरी वाटतं, फोनला नऊ. ‘मत्स्यव्यवसाय’ सहा अक्षरी, फोनला तेरा. टेलिग्रामची 128 ची मर्यादा ऐकून लोक खूश होतात, पण जोडाक्षरांनी भरलेलं नाव ती मर्यादा झपाट्याने खातं.

त्याहून गंमतीची गोष्ट अशी की दिसायला तंतोतंत सारखा शब्द आतून वेगळा असू शकतो. ‘ॲप’मधला पहिला ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो. युनिकोडमध्ये 2008 पासून त्याला स्वतंत्र घर आहे. जुन्या पद्धतीत ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र चढवतात. ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्या’ही तसाच दोन वाटांनी बनतो, कुठला कळफलक वापरता त्यावर. तुम्ही एका वाटेने नाव ठेवलं आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या वाटेने टाइप केलं, तर शोधयंत्र दोन्ही एकच मानेल याची खात्री नाही. उपाय साधा आहे. ‘ॲ’ आणि ‘ऱ्या’ असलेले शब्द नावात नकोतच. ‘किनाऱ्यावरच्या गजाली’ऐवजी ‘किनारपट्टी गजाली’ केलं तर अर्थ फारसा हलत नाही.

तिसरी भानगड छापखान्यातून येते. बॅनर करणारा मुलगा नाव छान टाइप करून पाठवतो, पण तो जुन्या फॉन्टमध्ये काम करतो. त्या फॉन्टांत मराठी अक्षराच्या जागी आतून रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं. त्याच्या संगणकावर ‘देवगड आंबा’ दिसतं, तुमच्या फोनवर चिकटवलं की रोमन अक्षरं, कंस आणि डॉलरची खिचडी. नाव नेहमी फोनवरच टाइप करा.

आणि ती नक्षीदार अक्षरं. काही ॲपमधून रोमन नाव वळणदार, जाड किंवा चौकटीतलं करून मिळतं. ती अक्षरं म्हणजे फॉन्ट नव्हे. युनिकोडच्या यादीत मुख्यतः गणिताच्या चिन्हांसाठी ठेवलेली वेगळी घरं आहेत. शोधात ती साध्या अक्षरांशी जुळतीलच असं नाही. शिवाय ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून वाचून घेतात, त्यांच्यासाठी फोन ती अक्षरं भलतीच वाचतो किंवा गाळून टाकतो. इमोजीचंही तेच, फोन प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने वाचतो. एक आंबा चालेल. पाच आंबे, दोन माडाची झाडं आणि एक लाट नको.

## ‘पण मालवणी नावात जो गोडवा आहे, त्याचं काय?’

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ‘कुडाळ बातम्या’ नावाची दहा चॅनलं असतील तर ‘काय गो बाय’ नावाचं अकरावं लक्षात राहील, हे खरं आहे. पण लक्षात राहणं आणि सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षात राहणारं नाव अशा माणसाला उपयोगी पडतं ज्याने तुमचं नाव आधी ऐकलंय. ज्याने ऐकलंच नाही तो ‘काय गो बाय’ कशाला टाइप करेल?

तुमच्याकडे आधीपासून प्रेक्षक असेल, म्हणजे व्हिडिओ चालतात, नाटकं लोक बघतात, दुकान तीस वर्षं उभं आहे, तर बोलीतलं नाव खुशाल ठेवा. लोक ते नाव शोधत येतील. नव्याने सुरुवात असेल तर दोन्ही जोडा, पण क्रम सांभाळा: ‘कुडाळ बाजारभाव: काय गो बाय’. आधी काम, मग लाड. आणि विनोदी, गजालींचं चॅनल असेल तर उलटा क्रमही शोभतो, कारण तिथे बोली हाच माल आहे.

एक पारख मात्र कुठल्याही नावाला लावा. ते नाव फोनवर एकदाच सांगा, समोरच्याला टाइप करायला सांगा आणि काय येतं ते बघा. एसटीच्या खिडकीशी बसलेल्या, रेंज जात-येत असलेल्या माणसाला ते एका दमात कळलं तर नाव पास. ‘त्यातला दुसरा शब्द इंग्रजीत, मधे आकडा, शेवटी अधोरेखा’ असं समजावत बसावं लागलं तर नापास.

## ‘सगळेच शब्द घातले तर?’

‘कोकण रत्नागिरी सिंधुदुर्ग रायगड आंबा काजू मासे पर्यटन बातम्या’. असं नाव ठेवणारे आहेत आणि त्यांचं गणित सरळ आहे: कुठलाही शब्द शोधा, आम्ही सापडणार. सापडतातही कदाचित. पण सापडल्यावर फॉलोचं बटण दाबायचं की नाही हे माणूस ठरवतो, आणि माणसाला असं नाव बघितलं की कोणीतरी काहीतरी विकायला बसलाय असं वाटतं. जास्तीचे शब्द वर्णनात टाका. टेलिग्रामवर वर्णनाला 255 अक्षरं मिळतात, काजू-कोकम सगळं त्यात बसेल.

## ‘पैसे भरले की वर येता येतं म्हणे?’

जून 2025 मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाने जाहीर केलं की चॅनल चालवणाऱ्यांना पैसे देऊन व्हॉट्सॲपच्या चॅनल-यादीत आपलं चॅनल पुढे आणता येईल. म्हणजे दिसण्याची सोय विकत मिळते. पण पैसे देऊन दाखवलेलं नाव ‘स्वर्ग कोकण’ असेल तर बघणाऱ्याला आधी जेवढं कळत होतं तेवढंच कळणार. आंब्याच्या दोन महिन्यांत पेट्या विकायच्या असणाऱ्याला कदाचित हा खर्च परवडेल. बाकीच्यांनी आधी फुकटातलं काम करावं.

## ‘अधिकृत’ या शब्दाचा मोह

आता जरा गंभीर. चॅनलच्या नावात ‘अधिकृत’, ‘शासकीय’, ‘जिल्हा प्रशासन’, ‘पोलीस’, ‘कोकण रेल्वे’ असे शब्द टाकले की फॉलोअर भराभर वाढतात, कारण लोकांना भरवशाची जागा हवी असते. आपल्याकडे तर जास्तच. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनारा घासून गेलं, आणि 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी माणूस नाव बघून विश्वास ठेवतो, तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो. ‘चिपळूण पूर नियंत्रण कक्ष’ हे नाव एखाद्या उत्साही तरुणाने चांगल्या हेतूने ठेवलं असेल, पण त्या रात्री त्याचा फोन चार्ज नसला तर त्याच्या भरवशावर बसलेल्यांनी काय करायचं?

चांगल्या हेतूने चालवत असाल तर नावातच खुलासा करा. ‘चिपळूण पूरमाहिती (नागरिकांकडून)’. समुद्राचं हवामान देत असाल तर मजकुरात दरवेळी लिहा की अंदाज भारतीय हवामान विभागाचा आहे, लाटांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची आहे, आणि आम्ही ती फक्त पुढे पाठवतोय. तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, होडी काढायची की नाही हे त्यावरून ठरवायचं असतं.

हेतू वाईट असेल तर कायदा आहे. संगणक किंवा फोन वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी बोधचिन्हं आणि काही ठरावीक नावं व्यापारासाठी वापरण्यावर 1950 च्या कायद्याने बंदी आहे. दुसऱ्याचं नोंदणीकृत व्यापारचिन्ह नावात वापरलं तर तो वेगळा खटला. टेलिग्राम अशा चॅनलवर ‘फेक’ किंवा ‘स्कॅम’ असा शिक्काही मारतं. फसवले गेला असाल तर 1930 हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक आहे.

आंबावाल्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी. चॅनलचं नाव ‘देवगड हापूस’ आणि पेटीत कर्नाटकातला आंबा, हा प्रकार गिऱ्हाइकाची फसवणूक तर आहेच, पण मानांकनाच्या कायद्याखाली गुन्हाही ठरू शकतो. बाग खरंच देवगडात असेल तर गावाचं नाव टाका: ‘देवगड हापूस, थेट बागेतून, जामसंडे’. ज्याची बाग नाही तो गाव लिहायला कचरतो, हे गिऱ्हाईकही हळूहळू ओळखू लागलंय.

## ‘नाव काय, नंतर बदलता येईल’

येईल. पण कुठे बदलताय त्यावर किंमत ठरते.

व्हॉट्सॲपवर नाव बदललं तरी लिंक तीच राहते, कारण तिचा नावाशी संबंधच नव्हता. धोका वेगळा आहे: फॉलोअरच्या यादीत एके दिवशी अनोळखी नाव दिसतं, ‘हे मी कधी घेतलं?’ म्हणून तो अनफॉलो करतो. म्हणून बदलाच्या आधी काही दिवस रोज एक ओळ टाका की अमुक चॅनलचं नाव तमुक होणार आहे, आणि फोटो तोच ठेवा. नाव आणि फोटो एकाच दिवशी बदलणं टाळा.

टेलिग्रामवर शीर्षक बदललं तर काही तुटत नाही. युजरनेम बदललं की मात्र जुन्या सगळ्या लिंका मेल्या, आणि तो जुना पत्ता मोकळा झाल्यावर दुसरा कोणीही तो घेऊ शकतो. तुमच्या जुन्या लिंकवरून येणारी माणसं मग त्याच्या दारात जातात. यावर एक तोडगा आहे: युजरनेम बदललं की लगेच दुसरं रिकामं सार्वजनिक चॅनल काढून जुना पत्ता त्याला द्या आणि त्यात एकच संदेश ठेवा, नव्या चॅनलची लिंक. मग जेटीवर, रिक्षा स्टँडवर आणि खानावळीत चिकटवलेले क्यूआर कोड सवडीने बदलले तरी चालतात. व्हॉट्सॲपचे कोड तर तसेच राहू द्या, त्यांच्याखाली छापलेल्या जुन्या नावावर तेवढा नवा स्टिकर मारा.